दोन बोटं माया

(मयूर विहार, दिल्ली येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



या टेबलावर तीन कपडे मांडले आहेत. डावीकडचा फ्रॉक १८६० च्या दशकात इंग्लंडात कुणीतरी आपल्या मुलीसाठी शिवला. मधला मी शिवला, त्या पहिल्यावरून, इथे फेज वनमधल्या माझ्या बाल्कनीत, दोन हिवाळे खर्चून. आणि उजवीकडे खणाचं परकर-पोलकं आहे. ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांनी ते शिवलेलं आहे. परकराच्या नेफ्याची शिवण अर्धीच झाली आहे आणि शेवटच्या टाक्यात सुई अजून तशीच अडकलेली आहे. त्यांच्या घरच्यांनी ती काढली नाही, मीही काढलेली नाही.

बाईंचा शिवणवर्ग तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. जेवणाच्या खोलीत खिडकीशी पायमशीन, जमिनीवर सतरंजी, आणि दुपारी दोनला सोसायटीतल्या मुलींबरोबर त्रिलोकपुरीहून येणाऱ्या मुली. बाई शिकवायच्या हिंदीत, पण काही शब्द त्यांनी कधी बदलले नाहीत. 'दो उंगली माया छोड़ो', त्या म्हणायच्या. मुली एकमेकींकडे बघायच्या. हिंदीत माया म्हणजे मोह, नाहीतर पैसा. शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात त्याला दिल्लीचा दर्जी मार्जिन म्हणतो. आपण मराठीत त्याला माया म्हणतो. कपडा उद्या सैल करता यावा, अंग भरलं तर उसवून वाढवता यावा, म्हणून आज ठेवलेलं जे कापड बाहेरून दिसत नाही, ते. बाईंच्या विद्यार्थिनी आज कुठे कुठे काम करतात, गांधीनगरच्या तयार कपड्यांच्या बाजारात त्यांतल्या काही कारागीर आहेत, आणि त्यांच्या तोंडी हा शब्द अजून आहे, हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

मला आज या मायेबद्दलच बोलायचं आहे. विषयपत्रिकेवर 'व्हिक्टोरियन काळातले मुलींचे पोशाख' असं छापलं आहे. ते बरोबरच आहे. पण मी त्या पोशाखांकडे वळले ते बाईंच्या या दोन बोटांमुळे.

हा इंग्लिश फ्रॉक माझ्या भाचीने तिथल्या जुन्या कपड्यांच्या बाजारात घेतला आणि पाठवला. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा आहे. सुती छापील कापड, तपकिरी जमिनीवर जांभळट फुलांची बारीक बुंदी. वरच्या अंगाला आतून कोऱ्या मांजरपाटासारखं अस्तर. मागून हूक. गळा रुंद, जवळजवळ खांद्यापर्यंत गेलेला. कमरेला पट्टी आणि खाली घेरदार झगा.

आधी मी त्याचा घेर मोजला, कापड पाहिलं, छपाई पाहिली. आठवडाभर मी त्याच्या सुलट बाजूकडेच बघत होते, आणि हाती काही लागत नव्हतं. मग बाईंची सवय आठवली. कुणी शिवून आणलेला कपडा त्यांच्या हातात दिला की त्या काही न बोलता तो आधी उलटा करायच्या. मी फ्रॉक उलटा केला, आत टेबलावरचा दिवा धरला, आणि झग्याच्या खालच्या भागात दोन आडवे पट्टे उजळले. बाकीचं कापड धुऊन धुऊन फिकं झालेलं, आणि त्या दोन पट्ट्यांत मूळचा गडद रंग. पट्ट्यांच्या कडांना सुईची भोकं, एका ओळीत. त्यांच्या वर तिसरा टक अजून शिवलेला होता.

जे शिवण शिकले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. झग्याला काठाच्या वर आडवी दुमड घालून शिवतात, तिला टक म्हणतात. एक इंचाचा टक दोन इंच कापड पोटात घेतो. त्या फ्रॉकला तीन टक होते, म्हणजे सहा इंच उंची आईने लपवून ठेवली होती. मुलगी वाढली की खालचा टक उसवायचा, झगा दोन इंचांनी खाली येतो. पुढच्या वर्षी दुसरा. टक लोकांना शोभेची नक्षी वाटतात, आणि दिसतातही छान. 'ॲलिस इन वंडरलँड' ही गोष्ट १८६५ साली जॉन टेनियलच्या चित्रांसह निघाली, त्या चित्रांतल्या ॲलिसच्या झग्यालाही असा टक दिसतो. ॲलिस त्या गोष्टीत कधी वाढते, कधी आखडते. तिच्या कपड्यात वाढायची सोय चित्रकाराने ठेवली होती, याचा मला फार आनंद झाला.

या फ्रॉकचे दोन टक सुटले, तिसरा सुटला नाही. का, ते कळायला मार्ग नाही. दोन वर्षांनी कपडा छातीत बसेना झाला असेल, किंवा धाकट्या बहिणीकडे गेला असेल. दुसऱ्या पट्ट्याखालची काठाची शिवण वेगळ्या दोऱ्याची आहे आणि टाके लांब आहेत, घाईत घातल्यासारखे. दिल्लीत काश्मिरी गेटजवळच्या निकल्सन कबरस्तानात मी पुष्कळदा जाते. तिथे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज मुलांची कितीतरी थडगी आहेत. वयं वाचली की तिसऱ्या टकाचा विचार मनात येतोच.

मुलीचा झगा किती लांब असावा याचे त्या काळी पक्के नियम होते. अमेरिकेतल्या 'हार्पर्स बाजार'ने १८६८ मध्ये एक चित्र छापलं. चार वर्षांच्या मुलीपासून सोळा वर्षांच्या मुलीपर्यंत, वयाप्रमाणे झगा गुडघ्याच्या जवळून खाली सरकत सरकत घोट्यापर्यंत येतो. म्हणजे मुलीचं वय रस्त्यावरच्या माणसाला तिच्या झग्याच्या काठावरून वाचता यायचं. एकदा झगा जमिनीला टेकला आणि केस वर बांधले गेले की ती लग्नाची. आपल्याकडेही ही वाचण्याची रीत होतीच, तिच्याकडे मी थोड्या वेळाने येते.

आधी शिवण्याबद्दल. जुना कपडा समजून घ्यायचा तर तो शिवून पाहिला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पुस्तकं पुष्कळ आहेत, चांगली आहेत. १८३८ साली लंडनमध्ये 'द वर्कवुमन्स गाइड' निघालं, लेखिकेने नाव दिलेलं नाही. त्यात लहान मुलांचे कपडे बेतायच्या आकृत्या आहेत, कापड वाया जाऊ नये म्हणून तुकडे कसे मांडायचे तेही आहे. ते वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं. कात्री हातात घेतल्यावर कळतं की समजलेलं नव्हतं.

माझा पहिला फ्रॉक पार फसला. मी आजच्या फ्रॉकचा मुंढा बेतला, भरपूर खोल, हात मोकळा राहावा म्हणून. शिवून झाल्यावर माझ्या नातीने तो घालून हात वर केला तर सगळा फ्रॉकच वर आला. मूळ फ्रॉकचा मुंढा पाहिला तर लहानसा, काखेला अगदी लागून, आणि पाठ इतकी अरुंद की बाही पाठीच्या बरीच आत सुरू होते. हे बरोबर वाटत नव्हतं, पण तसंच दुसऱ्यांदा बेतलं. आणि मुलगी ताठ उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. खांदे आपोआप मागे गेले, कारण पुढे घ्यायला पाठीत कापडच नव्हतं. शिस्तीचे धडे त्या काळच्या पुस्तकांत सापडतात. ही शिस्त बेतात होती, आणि ती मला कात्रीनेच दाखवली.

चुण्यांनी मला सगळ्यांत जास्त वेळ अडवलं. घेर पावणेतीन मीटर, कंबर तेवीस इंच. एवढं कापड एवढ्या पट्टीत बसवायचं. आपण मशीनवर सैल टीप मारतो आणि दोरा ओढतो. त्या बाया काय करत, तर कापडाची वरची कड आत दुमडून धावदोऱ्याच्या दोन समांतर ओळी घालत, दोन्हींचे टाके एकाखाली एक, मोजून. दोरे ओढले की कापडाच्या उभ्या नळ्या तयार होतात, सनईसारख्या, आणि प्रत्येक नळी एकेका टाक्याने कंबरपट्टीला जोडायची. मला चार दुपारी लागल्या. पण त्या नळ्यांमुळे झगा कमरेपासून जो फुलतो, तसा मशीनच्या चुणीने फुलत नाही. दुसरी गोष्ट पुढे लक्षात आली. तिथे कापड कापलेलंच नसतं. दोरा काढला की तुमच्या हातात सरळ, अखंड कापड परत येतं. झगा संपला की त्याचा पडदा, पडद्याची उशी, उशीची चिंधी. आमच्या आजीची जुनी लुगडी अशीच दुपट्यात आणि गोधडीत जात. कापडाला कात्री लावताना जीव कचरणाऱ्या बायका दोन्हीकडे होत्या.

गळ्याला, मुंढ्याला आणि कमरेला बारीक दोर आहे, उरेप पट्टीत सुतळी गुंडाळून शिवणीत धरलेला. मला तो नुसता दिखाऊ वाटला होता. तसा तो नाही. जिथे कपडा ओढला जातो तिथे ताण तो दोर घेतो. माझ्या नमुन्यात मी एका मुंढ्याला दोर घातला, दुसऱ्याला घातला नाही. नातीने एका सुट्टीत, सोसायटीच्या बागेत खेळून, बिनदोराचा मुंढा फाडून दाखवला.

आणि तिने आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला एकाही पुस्तकात सापडली नव्हती. फ्रॉक घालून ती दिवसभर हुंदडली, आणि संध्याकाळी म्हणाली, "आजी, हा मला माझा काढताच येत नाही." हूक मागे. तिचे हात मागे पोचत नव्हते, आणि पोचले असते तरी त्या मुंढ्यात वळले नसते. अशी मुलगी रोज सकाळी कुणासमोर तरी पाठ करून उभी राहायची. आई असेल, मोठी बहीण असेल, पैसेवाल्यांकडे दाई. आता हे परकर-पोलकं बघा. पुढून बंद होतं. परकराला नाडी, गाठ पोरीच्या हातात. पाच वर्षांची मुलगी न्हाणीघरातून आपली आपण तयार होऊन बाहेर येते. मी कौतुकाने सांगते असं वाटेल, आणि कौतुक आहेच.

इंग्लिश फ्रॉकची ही छापील फुलं बाहेरून बघितली तर ती पार परदेशी दिसतात. पण १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना पुरेसा मिळेना, आणि चालू राहिलेल्या गिरण्या बऱ्याच अंशी आपल्या कापसावर चालल्या. खानदेश, वऱ्हाड, गुजरात इथला कापूस मुंबईच्या बंदरातून निघे. तिकडे त्याला सरसकट 'सुरत' म्हणत, आणि आखूड धाग्याचा म्हणून कामगार त्याच्यावर चिडत, कारण तो वारंवार तुटे. मुंबईत पैसा वाहिला, शेअरचा सट्टा चढला, आणि युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये कोसळला. या फ्रॉकचं साल मला नेमकं ठरवता येत नाही, म्हणून यातलं सूत वऱ्हाडातलं आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या चार-पाच वर्षांत लँकेशायरात विणलेल्या कापडाच्या कितीतरी फ्रॉकांत आपल्या काळ्या मातीचा कापूस गेला, हे नक्की. ज्या शेतकऱ्याच्या मुलीला तो फ्रॉक कधी दिसणार नव्हता, तिच्या बापाच्या शेतातून.

फ्रॉक इकडे आला तो साहेबाच्या घरातून. मडम आपली पेटी उघडायची, तिच्यातला एक कपडा व्हरांड्यात बसलेल्या दर्ज्यासमोर ठेवायची, आणि असाच दुसरा कर म्हणायची. तो कपडा हातात घेऊन, उलटा करून, कुठे उरेप आहे, कुठे कळी आहे ते पाहून, कधी एखादी शिवण उसवून, तो शिकला. कागदी साचे अमेरिकेत बटरिकने १८६३ पासून विकले, पण आपल्या शिंप्याने ही विद्या कपड्याच्या उलट्या बाजूवरून घेतली. मिशनच्या मुलींच्या शाळांमध्ये वाचन-लेखनाबरोबर शिवण शिकवत. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली ती १८२४ मध्ये. सिंथिया फरार बाई १८२७ मध्ये आल्या आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. १८७० च्या दशकात सिंगरचं शिवणयंत्र आलं. आणि पोलक्याच्या नावाबद्दल म्हणाल तर, १८४० च्या दशकात युरोपात पोल्का नाचाचं वेड होतं, त्याच्या नावाने बायकांचं आखूड जॅकेट निघालं. आपलं पोलकं त्याच घरचं, असं मी मानते. चोळी गाठीची, अंगाला चिकटलेली. पोलकं बाहीचं, गळ्याचं, बटणाचं, आणि त्याच्या शिवणीत माया ठेवता येते. गुळेदगुड्डचा खण तोच. बेत बदलला.

आता मी जे म्हणाले होते तिकडे येते. वयाप्रमाणे झगा खाली सरकण्याकडे.

लुगडं वाढवता येत नाही. ते शिवलेलंच नसतं, त्यामुळे त्याला वाढायची गरज नाही. पण आपल्याकडे लुगडंही लहान मापाचं असे, त्याला चिरडी म्हणत. सात-आठ वर्षांच्या मुलीला नेसवायची छोटी साडी. हा शब्द आता मागे पडला आहे. त्या वयात चिरडी नेसली म्हणजे ती कुणाची तरी सून झाली, किंवा होणार. रमाबाई रानड्यांचं लग्न १८७३ मध्ये झालं, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. रखमाबाईंचंही लग्न अकराव्या वर्षी. 'हार्पर्स बाजार'च्या त्या चित्राप्रमाणे या वयाच्या मुलीचा झगा अजून पोटरीवरच असायचा, आणि तिचे पुढचे टक अजून उसवायचे राहिलेले असायचे.

मला इथे इंग्लंडची बढाई सांगायची नाही. तिथल्या गरीब मुली त्याच वयात गिरणीत उभ्या होत्या, त्यांच्या अंगावर दुसऱ्याचे उतरलेले कपडे होते. पण सुखवस्तू घरात एक समजूत होती, की आठ वर्षांची मुलगी अजून आठ वर्षं मुलगीच राहणार आहे, आणि तिच्या कपड्यात तेवढी जागा ठेवायला हवी. आपल्याकडच्या सुखवस्तू घरांत ही जागा नव्हती. ती मिळवावी लागली. दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये रखमाबाईंवर दावा लावला, की माझी बायको माझ्या घरी यावी. लहानपणी संमतीशिवाय झालेलं लग्न मला बंधनकारक नाही, असं त्या म्हणाल्या. 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्यांनी 'एक हिंदू स्त्री' या नावाने पत्रं लिहिली. त्याच १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, ज्याला आपण हुजूरपागा म्हणतो. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला, दहाचं वय बारावर गेलं. दोन वर्षं. एका टकाचं नाहीतर दोन टकांचं अंतर. आणि त्या दोन वर्षांसाठी केवढं रण माजलं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं.

परकर-पोलकं शाळेत जाणाऱ्या मुलीचं झालं ते याच काळात. चिरडी सुटली आणि लग्न लांबलं, त्या मधल्या मोकळ्या जागेत परकर-पोलकं आलं. परकराला आईने टक घातले, पोलक्याच्या बगलेत दोन बोटं माया ठेवली, कारण आता मुलगी घरातच वाढणार होती. आपण त्याला आज 'पारंपरिक' म्हणतो, गुढीपाडव्याला मुलींना घालतो, फोटो काढतो. माझ्या लेखी तो त्या काळातला सगळ्यांत नवा कपडा आहे.

पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानड्यांनी १९०९ पासून बायकांना शिवण शिकवण्याची व्यवस्था केली. त्यात विधवा होत्या, टाकलेल्या होत्या. ज्यांच्या स्वतःच्या लहानपणाला कुणी जागा ठेवली नव्हती, त्या दुसऱ्यांच्या मुलींचे कपडे बेतायला शिकत होत्या, हे मनात आलं की मला पुढे बोलवत नाही.

बाईंच्या या परकराला किती टक आहेत ते मी मोजलं. चार. तो कुणासाठी होता हे त्यांच्या वहीवरून कळलं. वर्गात येणाऱ्या एका मुलीच्या धाकट्या बहिणीसाठी. वय पाच, असं मापाशेजारी लिहिलं आहे. चारही टक उसवले तर परकर नऊ वर्षांच्या मुलीला येईल. खण इतका उंच मिळत नाही, म्हणून त्यांनी वरच्या बाजूला, पोलक्याखाली झाकलं जाईल असं, साध्या कापडाची पट्टी जोडली आहे. जोड सरळ आहे, आणि आतून दोनदा शिवलेला आहे.

व्याख्यान झाल्यावर तिन्ही कपडे जवळून बघा. हात धुऊन या, आणि उलटे करून बघा. इंग्लिश फ्रॉक तेवढा मी धरीन, कापड आता जीर्ण आहे. एक विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या ट्रंकेत, गावच्या घरी, आईचं किंवा आजीचं परकर-पोलकं, झबलं, कुंची, बाळंतविड्यातलं टोपडं असेल, तर ते धुऊ नका, इस्त्री करू नका. डाग, जुन्या घड्या, उसवलेल्या टाक्यांची भोकं, सगळं राहू द्या. पुढच्या महिन्यापासून दर शनिवारी दुपारी दोनला मी बाईंच्या त्याच खोलीत बसणार आहे, त्यांच्या मुलाने किल्ली दिली आहे. कपडे घेऊन या. आपण प्रत्येकाचे टक मोजू, किती सुटले आणि किती राहिले ते वहीत लिहू, आणि कपडा ज्याचा त्याला परत देऊ. त्रिलोकपुरीच्या त्या मुलींपैकी दोघी मदतीला येणार आहेत. टाके मोजायला त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे.